उलटा पदर

हिराइवा मास्तरांचा पुढचा सिनेमा रडवणार की हसवणार, हे आमच्या स्टुडिओत सगळ्यांत आधी तोमेताईला कळायचं. मालकांना नंतर, आणि मला तर सगळ्यांत शेवटी, फिल्म कापायला बसल्यावर. कारण मास्तर पहिल्या दिवशी कपडेपटात जाऊन बसायचे आणि कपड्यांवर बोलायला लागायचे. "या वेळी बाया सारख्या घाईत आहेत, मागून मान उघडी पडू दे," म्हणाले की समजावं, विनोदी आहे. "सगळे किमोनो पुन्हा पुन्हा धुऊन रंग उतरवा," म्हणाले की भुताचा. एकदा म्हणाले, "तलवारवाल्यांच्या बाह्या आखूड करा, मला मनगटं दिसली पाहिजेत." त्या सिनेमात तलवार एकदाच उपसली जाते आणि कुणालाही न लागता म्यानात परत जाते. लढाईवर सिनेमा काढला, तर त्यात एक गोळी सुटली नाही. नुसत्या स्टेशनवर वाट बघणाऱ्या बायका. लोक ढसाढसा रडले. आणि पुढच्याच वर्षी लहान मुलांसाठी कोल्ह्यांच्या लग्नाची वरात, गाण्यांसकट!

आमच्या निर्मितीखात्याचे साहेब ओकित्सू याला फार वैतागायचे. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं ते चारचौघांत म्हणायचे. "दुकानात एकच माल ठेवावा. हा माणूस आज लोणचं विकतो, उद्या औषध. गिऱ्हाइकानं यावं कशाला?" वैताग मलाही होता, खोटं कशाला बोलू. मी फुसा, फिल्म कापणारी. क्योतोच्या त्या स्टुडिओत मास्तरांचा प्रत्येक सिनेमा माझ्या कात्रीखालून गेला. एका सिनेमात म्हणायचे, "कचाकच काप, माणसाला श्वास घेऊ देऊ नकोस." पुढच्यात म्हणायचे, "हात लावशील तर याद राख." एकदा हात बसला की बदलायचा, पुन्हा बसला की पुन्हा बदलायचा. पण तोमेताईने याबद्दल कधी तक्रार केली नाही. तोंडात टाचण्या धरून ती ऐकायची आणि कामाला लागायची.

तोमेताई रंगाऱ्याची मुलगी. हात कायम गार. नट थंडीत कुडकुडत उभे असले की तिचा हात मानेला लागताच किंचाळायचे. "मेलेल्या माणसाचे हात आहेत हिचे," असं तिला कुणी चिडवलं की ती म्हणायची, "मेलेला माणूस माझ्या घरी आहे, तो वेगळा."

तो म्हणजे तिचा नवरा योहेई. मरणं हाच त्याचा धंदा होता. तलवारीच्या सिनेमांत हिरो एकटा असतो आणि मारायला पुष्कळ माणसं लागतात. योहेई त्या पुष्कळांतला. पुलावरून पडायचा, जिन्यावरून गडगडायचा, भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरायचा. गल्लीतली पोरं त्याला संध्याकाळी विचारायची, "काका, आज कसे मेलात?" आणि तो तिथंच रस्त्यात मरून दाखवायचा. पण मारामारीत हिरोचं तोंड कॅमेऱ्याकडे असतं आणि मरणाऱ्याची पाठ. त्याची पाठ सगळ्या देशाने पाहिली होती, तोंड कुणीच नाही.

म्हणून मास्तरांनी त्याला बोलावून सांगितलं, "योहेई, या सिनेमात तुला मरायचं नाही," तेव्हा तो घरी येऊन जेवलाच नाही. एका उधळ्या पोराची गोष्ट होती. पहिल्यापासून धमाल विनोदी. बडं घर, पोरगा सगळं उडवतो, शेवटी घर विकलं जातं आणि तो वाड्याच्या मोठ्या दरवाजातून बाहेर पडतो. नवीन मालकाची माणसं दुतर्फा उभी असतात, कुणी ओळख देत नाही. फक्त म्हातारा दरवान पुढे येऊन म्हणतो, "धाकटे मालक, दार मी उघडंच ठेवतो." बस. एवढं एकच वाक्य. पण पडदाभर चेहरा.

योहेईने ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं की तोमेताई म्हणाली, "आता दार लावा आणि झोपा."

पण त्याच सुमाराला त्याचं पोट दुखायला लागलं होतं. इस्पितळात गाठ निघाली. डॉक्टरांनी तोमेताईला अर्धं सांगितलं, योहेईला त्याच्या निम्मं, आणि शूटिंग संपलं की लगेच पोट उघडायचं ठरलं. हे माहीत होतं आम्हा चौघांनाच. तो, ती, मी आणि मास्तर.

शेवटच्या प्रसंगाच्या आदल्या दिवशी वादळ झालं. आमच्याकडे त्या दिवसांत वादळ येतंच, पण या वेळी ते सेटवरून गेलं. मोठ्या दरवाजाची गावाकडची अख्खी बाजू आडवी झाली. उरली ती डोंगराकडची. आणि प्रसंग होता गावाकडच्या बाजूचा. आधीचे सगळे तुकडे त्याच बाजूला घेतलेले. नवा सेट बांधायला ना वेळ होता ना लाकूड. सिनेमा लागायची तारीख गावभर रंगवून झाली होती.

ओकित्सू साहेब चिखलात उभे राहून म्हणाले, "मग शेवट नको. पोरगा घर विकतो, तिथंच संपवा. विनोदी सिनेमा आहे, लोकांनी हसत घरी जावं."

मास्तर उरलेल्या अर्ध्या दरवाजाकडे बघत राहिले. दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या बांधल्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फुसा, इथंच घेतलं आणि लॅबमध्ये फिल्म उलटी करून छापली तर?"

"तर डोंगराची बाजू गावाची होईल," मी म्हटलं. "पण माणसंही उलटी होतील, मास्तर. तलवारी उजव्या कमरेला दिसतील. आणि पदर..."

  आमच्याकडे किमोनो छातीवर गुंडाळताना डावा पदर नेहमी उजव्याच्या वर येतो. उजवा पदर वर घेऊन फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात, चितेवर ठेवायच्या आधी. तान्ह्या लेकराला नेसवतानाही आई यात चुकत नाही.

"मग आधीच उलटं नेसवा," मास्तर म्हणाले. "छापताना सुलट होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडेपटात चाळीसेक माणसं रांगेत उभी होती. एक जुना नट सरळ म्हणाला, "मला जेवायच्या आधी तिरडीवर चढायचं नाही," आणि निघून गेला. सुतारांनी अपशकुन टळावा म्हणून दारात मीठ टाकलं. कुणी साके दारू शिंपडली. नेहमी शिव्या देणारा प्रकाशवाला खांबाआड उभा राहून पुटपुटत होता. नेसवून झालेली माणसं एकमेकांकडे बघायची टाळत होती. चाळीस जिवंत माणसं, श्वास घेणारी, विड्या ओढणारी, आणि गळ्याशी सगळ्यांचे पदर मेलेले. 

तोमेताईने एकेकाला नेसवलं. हात सवयीने डावीकडे जायचा, ती तो मागे ओढायची. सगळे झाल्यावर ती तडक मास्तरांकडे गेली.

"सगळ्यांचं केलं. ह्यांना सोडा."

"कुणाला?"

"मास्तर, तुम्हाला माहीत आहे कुणाला. त्यांना उद्या इस्पितळात भरती व्हायचंय. आज मी माझ्या हातानं त्यांना तसं नेसवू? तुमच्या आईनं तुमच्या बापाला नेसवलं असतं?"

मास्तरांना राग आला की ते हळू बोलत. "तोमे, मी सक्ती नाही करत. पण सुलट नेसवलंस तर पडद्यावर तो एकटाच उलटा दिसेल. मग मला त्याला काढावं लागेल. दरवानाशिवाय प्रसंग घेतो."

योहेई पडद्याआडून ऐकत होता. तो बाहेर आला. "अगं, मीठ टाकलंय ना सुतारांनी? चल, नेसव. आयुष्यभर मेलो ते काही झालं नाही, आता नुसत्या पदरानं काय होतंय!"

तिनं त्याला पडद्याआड नेलं. बराच वेळ ती दोघं आत होती. बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पेंढ्याचं इरलं होतं, दोरीने घट्ट बांधलेलं. पावसाळी प्रसंग, दरवानाच्या अंगावर इरलं असायचंच. मला काही वेगळं वाटलं नाही. तोमेताईच्या तोंडात टाचणी नव्हती, एवढंच लक्षात आलं.

आभाळ पुन्हा भरून येत होतं. उजेड जेमतेम एका शॉटपुरता उरला होता. तालीम झाली. हिरो दरवाजापाशी येतो, दुतर्फा माणसं समोर बघत उभी, योहेई पुढे होतो, वाक्य म्हणतो. मास्तर मान तिरपी करून बघत होते. मग ते उठले आणि योहेईजवळ गेले.

"हातांना काहीतरी काम दे. इरलं काढ आणि धाकट्या मालकाच्या खांद्यावर घाल. मग बोल."

योहेईचा चेहरा पांढरा पडला. त्यानं लोकांच्या डोक्यांवरून तोमेताईकडे बघितलं. तिनं हात तोंडावर धरला होता. मला वाटलं, नवऱ्याचा मोठा क्षण आलाय, बाईला भरून आलं. मूर्ख मी! तिनं त्या क्षणी "थांबा" म्हटलं असतं तर त्याला पुन्हा आत नेऊन किमोनो सोडून उलटा नेसवावा लागला असता, तोवर पाऊस आला असता आणि त्याचा चेहरा गेला असता. ती बोलली नाही तर जे व्हायचं ते होणार. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही गप्प राहिली.

कॅमेरा सुरू झाला. योहेईने दोरी सोडली, इरलं काढलं, हिरोच्या खांद्यावर घातलं.  "धाकटे मालक, दार मी उघडंच ठेवतो." आवाज इतका साधा की सुतारसुद्धा हातोडी खाली ठेवून ऐकत राहिले. मास्तर "ओके" म्हणाले आणि लगेच पाऊस कोसळला.

कुणाच्याच लक्षात आलं नाही. कसं येणार? सकाळपासून उलटे पदर बघून सगळ्यांचे डोळे त्रासले होते. योहेईच्या गळ्याकडे बघून डोळ्यांना बरं वाटलं असणार, बस.

लॅबमधून उलटी छापलेली फिल्म आली ती दोन दिवसांनी, सकाळी. त्या दिवशी योहेईचं ऑपरेशन होतं. मी यंत्रावर तुकडा चढवला, मास्तर मागे उभे, ओकित्सू साहेब घड्याळ बघत दाराशी. संध्याकाळी निगेटिव्ह जोडायला द्यायची होती. दरवाजा गावाच्या बाजूचा झाला होता, अगदी बिनचूक. तलवारी डाव्या कमरेला. माणसं सरळ, सुलट, जिवंत. आणि त्यांच्या मधून एक म्हातारा पुढे आला, त्यानं इरलं काढलं, आणि त्याचा उजवा पदर वर होता.

 मी यंत्र थांबवलं. समोर योहेईचा चेहरा पडदाभर, शांत, आणि गळ्याशी मेलेल्या माणसाचा पदर.

"अरे देवा," ओकित्सू साहेब म्हणाले. "त्या बाईनं सगळं मुसळ केरात घातलं. कापून टाका. पुन्हा घ्यायला वेळ नाही, आणि तो तिकडे इस्पितळात..." 

"परत लाव," मास्तर म्हणाले.

मी परत लावला. पुन्हा लावला. त्या प्रसंगात इतरांना समोर बघायला सांगितलं होतं, म्हणून कुणीच म्हाताऱ्याकडे बघत नव्हतं. त्याच्यासाठी कुणी बाजूला सरत नव्हतं. फक्त धाकटा मालक त्याचं ऐकत होता. मास्तर खुर्चीत बसले.

"हा मेलाय," ते हळूच म्हणाले. "घर विकलं तेव्हाच मेला. आणि तरी दार उघडं ठेवतोय." त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. "ओकित्सू, तुम्ही मला विचारता ना, तू कसले सिनेमे काढतोस म्हणून? लोक दीड तास हसतील आणि मग हा माणूस इरलं काढेल. जा, सांगा मालकांना, असले काढतो."

मला तो माणूस त्या क्षणी विलक्षण मोठा वाटला आणि त्याच क्षणी त्याचा गळा दाबावासाही वाटला. "मास्तर," मी म्हटलं, "तो आज टेबलावर जातोय. त्याच्या बायकोनं त्याला वाचवायला हे केलंय. तुम्ही अख्ख्या देशाला त्याला मेलेला दाखवणार?"

मास्तर खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "नाही. मी नाही ठरवणार. ठेवला तर तो मेलेला दिसेल, कापला तर दिसणारच नाही. जा, तोमेला विचार. ती नाही म्हणाली तर स्वतः काप."

मी इस्पितळात पोचले तेव्हा योहेईला ढकलगाडीवर झोपवलं होतं. तोमेताई त्याच्या पायाशी उभी होती. मला बघताच तिला कळलं.

"दिसलं?" तिनं विचारलं.

मी मास्तरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. ती मला बाजूला ओढायला लागली, पण योहेईने मान वळवली. "काय कुजबुजताय? पोटात गाठ आहे, कानात नाही."

"काही नाही," तोमेताई म्हणाली. "तो तुकडा काढणार आहेत. मीच ठेवू नका म्हणणार आहे. हात दाखवून अवलक्षण! आज आत जाताय तुम्ही, आजच्या दिवशी कोण असलं..."

"फुसा," तो म्हणाला. "खरं सांग. तोंड दिसतं?"

"दिसतं, भावजी."

"किती?"

"पडदाभर."

"आणि वाक्य?"

"एक अक्षर हरवलं नाही. सुतारांच्या हातोड्यासुद्धा थांबल्यात."

तो छताकडे बघत राहिला. नर्स गाडीला हात लावून उभी होती, तिला घाई होती. तोमेताईने त्याचा पाय घट्ट धरला होता. "नको म्हणा," ती म्हणाली. "अहो, तुमच्या पाया पडते. एकदा नको म्हणा. पुढच्या सिनेमात देतील मास्तर."

"पुढच्या सिनेमात त्यांना बेडूक सुचेल, नाहीतर विमान," योहेई म्हणाला. "त्या माणसाचा काय भरवसा. हे बघ तोमे, आजवर मला परक्यांनी मारलं. या वेळी घरच्या माणसानं मारलंय. राहू दे ना."

तिनं हातातला रुमाल त्याच्या अंगावर हाणला आणि मग त्याच रुमालात तोंड खुपसून रडायला लागली. "राहू दे," तो मला पुन्हा म्हणाला, या वेळी हसत नव्हता. "लोकांना बघू दे की मला."

गाडी आत गेली. दार बंद झालं. मी खाली जाऊन इस्पितळाच्या कचेरीतून स्टुडिओत फोन केला. "तुकडा ठेवा," एवढंच म्हटलं. मास्तरांच्या उत्तराची वाट न बघता मी फोन आपटला.

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच पुन्हा शिवलं. योहेई त्यानंतर महिनाभर होता. सिनेमा लागायच्या आठवडाभर आधी गेला. इस्पितळातली बाई कपडे करायला पुढे झाली तर तोमेताई तिला म्हणाली, "तुम्ही व्हा बाजूला." आणि तिनं स्वतः त्याला नेसवलं, उजवा पदर वर. हात एकदाही अडखळला नाही. मला बघवलं नाही, मी खिडकीकडे तोंड केलं.

सिनेमा लागला. लोक पोट धरून हसले आणि शेवटी एकदम चिडीचूप झाले. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने स्वतःच्या गळ्याशी हात नेऊन पदर चाचपला. पेपरवाल्यांना काही कळेना, याला विनोदी म्हणावं की भुताचा. मास्तरांनी तोवर तिसरंच काही सुरू केलं होतं, गिरणीतल्या पोरींची गोष्ट, नाचगाण्यांची. पहिल्या दिवशी ते कपडेपटात गेले आणि तोमेताई अजून कामावर आलेली नाही हे बघून परत फिरले. त्या सिनेमाच्या कपड्यांबद्दल ते कुणाशीच बोलले नाहीत. मग तो काहीसा फसलाच.

तोमेताई पाहायला आली नव्हती. थेटरात जाऊन नवऱ्याला तसं बघायचं तिच्यानं होईना. हिवाळ्यात एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. चहा घेतला, मुळ्याचं लोणचं आणलं होतं ते दिलं, इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "फुसा, उलटा छापायच्या आधीचा तुकडा आहे का गं तुझ्याकडे?"

तो नव्हता. पण जादा छापलेला एक तुकडा होता. फिल्म पालथी करून यंत्रावर चढवली की झालं, त्यात काय. आवाज तेवढा येत नाही. मी खोलीचा पडदा ओढला.

छोट्या काचेवर दरवाजा पुन्हा डोंगराच्या बाजूला गेला. दुतर्फा चाळीस माणसं उभी होती, तलवारी उजव्या कमरेला आणि सगळ्यांच्या गळ्याशी मेलेल्यांचे पदर. धाकटा मालकसुद्धा तसाच. त्यांच्यामधून योहेई पुढे आला, त्यानं इरलं काढलं. त्याचा डावा पदर वर होता, व्यवस्थित, चापून बसवलेला. त्या सगळ्या मेलेल्यांमध्ये तो एकटा जिवंत होता. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं.

तोमेताईने काचेला बोट लावलं. "असंच नेसवलं होतं मी ह्यांना," ती म्हणाली. "बघ ना. असंच."

मग म्हणाली, "परत लाव." मी परत लावला.